घट्ट म्हणजे किती घट्ट?

आजच्या मोटारीचा सांगाडा मुख्यतः वेल्डिंगवर उभा असतो. एका साध्या कारमध्ये तीन ते पाच हजार स्पॉट वेल्ड असतात आणि कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्यांच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. बोल्टचे तसे नाही. जो भाग कधीतरी काढावा लागणार तो बोल्टने बसवतात: दारांच्या बिजागऱ्या, बॉनेट, फेंडर, बंपरमागचा आडवा बीम, सीट, सीटबेल्टचे नांगर, इंजिन आणि सस्पेन्शन तोलून धरणारी सबफ्रेम. गाडी एकदा ठोकली गेली किंवा डेंटिंग-पेंटिंगला आली की हेच बोल्ट सुटतात आणि पुन्हा आवळले जातात. निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये यांतल्या जवळजवळ प्रत्येकासमोर न्यूटन-मीटरमध्ये एक आकडा छापलेला असतो. कामाच्या धबडग्यात तो क्वचितच उघडून पाहिला जातो, कारण घट्ट म्हणजे सुरक्षित आणि आणखी घट्ट म्हणजे आणखी सुरक्षित, हा समज पक्का झालेला आहे. तो समज चुकीचा आहे. पण नुसता टॉर्क रेंच विकत घेतला आणि आकडा लावला की काम झाले, हा सुशिक्षित समजही पुरेसा नाही. छापलेला आकडा एकट्या बोल्टचा नसतो. तो बोल्ट, त्याचे आटे, खालचा पत्रा, वॉशर आणि मधला रंग अशा संपूर्ण सांध्याचा असतो. सांध्याची अवस्था बदलली की आकडा तोच राहून त्याचा अर्थ बदलतो.

हे समजण्यासाठी बोल्ट नेमके काय करतो ते आधी पाहावे लागेल. बोल्ट म्हणजे दोन भोकांतून घातलेली खुंटी आणि ती निसटू नये म्हणून नट, असे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात चांगल्या सांध्यात बोल्टच्या दांड्याने भोकाच्या कडेला टेकून भार घेणे अपेक्षितच नसते. बोल्ट आवळला की तो लांबतो. पोलाद लवचिक असल्यामुळे त्याला पुन्हा आखडायचे असते आणि त्या ओढीने तो दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. पत्र्यांमध्ये या दाबामुळे जे घर्षण निर्माण होते, ते बाजूचा धक्का पेलते. म्हणजे बोल्टचे खरे काम ताणलेले राहणे हे आहे. या ताणाचा दुसरा फायदा तितकाच महत्त्वाचा आहे. नीट ताणलेल्या सांध्यावर बाहेरून खेच आली, तर तिचा मोठा हिस्सा दाबलेले पत्रे थोडे मोकळे होण्यात खर्च होतो आणि बोल्टच्या वाट्याला थोडाच येतो. सैल बोल्टला मात्र प्रत्येक खड्ड्याचा हिसका पुरता सोसावा लागतो. त्यामुळे धातू थकून तुटण्याचा धोका सैल बोल्टला अधिक असतो. ‘जास्त आवळला म्हणून तुटला’ असे आपण सहज म्हणतो. कमी आवळला म्हणून महिन्यांनंतर तुटला, ही शक्यता कुणी तपासत नाही.

आता हा ताण किती असतो ते आकड्यांत पाहू. बॉडीवर सर्रास दिसणारा एम-8 बोल्ट घ्या, दर्जा 8.8. या दर्जातला पहिला 8 म्हणजे तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, आणि दशांशानंतरचा 8 म्हणजे त्याच्या 80 टक्क्यांवर, 640 न्यूटनला, बोल्ट कायमचा लांबू लागतो. एम-8च्या आट्यांचे ताण घेणारे क्षेत्रफळ 36.6 चौरस मिलिमीटर धरतात. त्यामुळे हा बोल्ट साधारण 29 किलोन्यूटनला तुटतो, 23ला कायमचा लांबू लागतो आणि 21पर्यंत निर्धोकपणे ताणता येतो. अभियंते यातला तीन-चतुर्थांश भाग, म्हणजे सुमारे 16 किलोन्यूटन वापरायचे ठरवतात. हे बल दीड टनाहून अधिक वजनाइतके आहे. ते मिळवण्यासाठी कोरड्या, स्वच्छ आट्यांवर साधारण 25 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पाव मीटर लांबीच्या पान्यावर दहा किलोचा जोर दिला की एवढा टॉर्क होतो. दहा किलोच्या जोरातून दीड टनाची पकड, हे आट्यांच्या उताराचे कसब आहे. पण मिळते त्याहून गमावलेले अधिक आहे. एम-8चा आटा एका फेऱ्यात सव्वा मिलिमीटर पुढे जातो. घर्षण अजिबात नसते, तर त्याच 25 न्यूटन-मीटरमधून 125 किलोन्यूटन ताण निघाला असता आणि बोल्ट त्याच्या कितीतरी आधी तुटला असता. प्रत्यक्षात आपल्याला त्याचा आठवा हिस्सा मिळतो. उरलेला जोर बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो.

इथेच सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. टॉर्क रेंच जे मोजतो त्यातला बहुतेक भाग घर्षणाचा असतो आणि आपल्याला हवा असलेला ताण मोजला जातच नाही; तो हिशेबाने गृहीत धरलेला असतो. कार्यशाळेत वापरले जाणारे सूत्र सोपे आहे: टॉर्क म्हणजे ताण गुणिले बोल्टचा व्यास गुणिले घर्षणाचा एक गुणांक. कोरड्या पोलादासाठी हा गुणांक 0.2च्या आसपास धरतात. बोल्टला तेल लावले आणि तो 0.15वर आला, तर त्याच 25 न्यूटन-मीटरमध्ये ताण 16ऐवजी जवळजवळ 21 किलोन्यूटन होतो, म्हणजे निर्धोक मर्यादेला टेकतो. चांगले ग्रीस लावून गुणांक 0.12 झाला तर ताण 26वर जातो आणि बोल्ट कायमचा लांबतो. उलट आटे गंजलेले असतील आणि गुणांक 0.3 झाला, तर ताण 10च्या वर जात नाही. रेंच तोच, आवळणारा तोच, ‘टक्’ आवाज त्याच जागी. पण पकड 10पासून 26पर्यंत कुठेही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने बोल्ट गंजतात, म्हणून पुन्हा बसवताना आट्यांना ग्रीस फासण्याची सवय समजण्यासारखी आहे. पण ग्रीस फासायचे आणि आकडा मात्र कोरड्या बोल्टचा लावायचा, यात बोल्टवर अन्याय होतो. कारखान्यातून येणाऱ्या अनेक बोल्टांवर जस्ताच्या पापुद्र्यांचा लेप असतो आणि घर्षण ठरावीक ठेवणारे वंगण त्या लेपातच मिसळलेले असते. तारेच्या ब्रशने तो लेप खरवडून काढला, की मॅन्युअलमधला आकडा ज्या बोल्टसाठी होता तो बोल्ट उरतच नाही.

मोटारीच्या बॉडीत आणखी एक अडचण आहे, जी इंजिनमध्ये इतकी जाणवत नाही: इथले बोल्ट आखूड असतात. सिलिंडर हेडचा लांब बोल्ट भरपूर ताणला जातो. बिजागरीच्या बोल्टच्या पकडीत मात्र जेमतेम दहा मिलिमीटर धातू असतो. 16 किलोन्यूटनला एवढी लांबी केवळ 20 मायक्रॉनने वाढते. डोक्यातला आणि आट्यांतला ताण जमेस धरला तरी एकूण लांबणे 30 ते 40 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढे. सगळी पकड एवढ्याशा लांबण्यावर अवलंबून असते. आता याच्या शेजारी रंगाची जाडी ठेवून पाहा. कारखान्यातला रंग सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन असतो आणि गॅरेजमधला पुट्टी-प्रायमरसकटचा रंग त्याच्या कितीतरी पट असू शकतो. रंग हा धातूसारखा कठीण नाही. दाबाखाली तो हळूहळू बसतो. तो 10-15 मायक्रॉन जरी बसला, तरी बोल्टच्या पकडीचा तिसरा हिस्सा सहज जातो, आणि यात बोल्ट तसूभरही फिरलेला नसतो. बहुतेक कारखान्यांत बिजागऱ्या रंगकामाच्या आधीच बसवलेल्या असतात, त्यामुळे बिजागरी आणि खांब यांच्यामध्ये जाड रंग येतच नाही. दुरुस्तीत नवे दार वेगळे रंगवून बसवले जाते आणि तो थर मध्ये अडकतो. काही महिन्यांनी दार खाली उतरते, कुलपाशी घासू लागते आणि दोष बिजागरीला दिला जातो. इथे टॉर्कचा आकडा अचूक असूनही उपयोग नसतो. टेकणारे पृष्ठभाग स्वच्छ करणे हा आवळण्याच्या कामाचाच भाग आहे.

दुसरे टोक जास्त आवळण्याचे. बोल्ट तुटेल या भीतीने आपण जपतो, पण बॉडीवर आधी तुटते ती दुसरीच वस्तू. फेंडर किंवा बॉनेटचा बोल्ट ज्या नटात जातो, तो नट मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यामागे वेल्ड केलेला किंवा पिंजऱ्यात बसवलेला असतो. एम-6 बोल्टला दहा न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. मोठ्या बोल्टच्या सवयीने हात त्याला सहज दुप्पट देतो. मग बोल्ट टिकतो, पण वेल्ड सुटतो आणि नट बंद पोकळीत गरगर फिरू लागतो. तिथे मागून पाना घालायला जागा नसते, त्यामुळे पत्रा कापावा लागतो. प्लास्टिकच्या भागांचीही तीच गत: प्लास्टिक दाबाखाली सरकत राहते, म्हणून त्याच्या भोकात धातूची बारीक नळी बसवलेली असते आणि बोल्टचा दाब त्या नळीने घ्यायचा असतो. ती नळी हरवली, की कितीही आवळा, सांधा सैलच होणार. बोलेरो किंवा जुन्या सुमोसारख्या गाड्यांत बॉडी शिडीच्या आकाराच्या चासीवर रबराच्या गाद्यांवर बसते. तिथेही गादीच्या पोटातली पोलादी नळी बोल्टचा दाब घेते आणि रबर फक्त कंपने गिळते. नळी गंजून आखूड झाली असेल, तर छापील टॉर्कने रबरच चिरडले जाते आणि चालक मात्र गाडीला हादरे का बसतात ते शोधत राहतो.

यावर अनुभवी मिस्त्रीचा आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही: हाताला कळते. अभियांत्रिकीच्या हस्तपुस्तिकांत एक जुना तक्ता वारंवार आढळतो. त्यानुसार हाताच्या अंदाजाने आवळलेल्या बोल्टांच्या ताणात अधिक-उणे 35 टक्के फरक पडतो आणि टॉर्क रेंचने अधिक-उणे 25. फरक एवढाच असेल तर रेंचचा खर्च आणि खटाटोप कशासाठी, असे कुणीही विचारील. याला दोन उत्तरे आहेत. रेंचचे ते 25 टक्के जवळजवळ सगळे घर्षणाचे असतात. आयएसओ 6789 या मानकानुसार दहा न्यूटन-मीटरच्या वरचा चांगला रेंच स्वतः फार तर 4 टक्के चुकतो. म्हणजे आटे स्वच्छ ठेवले, नवे बोल्ट वापरले, वंगण सांगितले तेवढेच लावले, तर रेंचवाल्याची चूक कमी होत जाते. अंदाजाने आवळणाऱ्याची होत नाही, कारण घर्षण काबूत आणल्यावरही हाताचा डळमळीतपणा उरतोच. दुसरे उत्तर असे की 35 टक्के ही चूक सगळ्या मापांच्या बोल्टांवर सारखी पडत नाही. हाताला जोर कळतो, ताण कळत नाही. तोच सवयीचा जोर लहान बोल्टला फार होतो आणि मोठ्याला अपुरा पडतो. पान्याची लांबी आणि वाकून काम करावे लागणारी जागा यांनी तो आणखी बदलतो. अनुभवी हाताची खरी किंमत वेगळीच आहे. आटा वाकडा लागला, बोल्ट मध्येच जड झाला, किंवा घट्ट होण्याऐवजी मऊ लागू लागला, हे त्याला रेंचच्या आधी कळते. म्हणून सुरुवातीचे आटे हाताने आणि शेवटचा ताण रेंचने, ही वाटणीच योग्य आहे.

दुसरा आक्षेप असा की स्प्रिंग वॉशर घातला, किंवा आट्यांना चिकटणारे द्रव लावले, की टॉर्कची एवढी चिंता कशाला? गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969मध्ये याचा छडा लावला. बोल्टच्या लांबीच्या दिशेने होणारी कंपने त्याला फारशी सैल करत नाहीत. आडवी कंपने, म्हणजे पत्रे एकमेकांवर सरकवणारी हालचाल, त्याला झपाट्याने उलटा फिरवते, असे त्यांनी दाखवले. पत्रा सरकला की डोक्याखालचे आणि आट्यांतले घर्षण त्या क्षणापुरते निकामी होते आणि ताणलेला आटा स्वतःच्या उतारावरून मागे घसरतो. यावरचा पहिला उपाय म्हणजे पत्रे सरकूच न देणे, आणि ते काम फक्त पुरेशी पकड करू शकते. स्प्रिंग वॉशर बोल्टच्या पकडीच्या मानाने अगदी थोड्या बलाला सपाट होतो आणि त्यानंतर तो साध्या वॉशरइतकाच राहतो. युंकरच्या पद्धतीच्या चाचण्यांत तो फारसा टिकत नाही. 8.8 आणि त्यावरच्या दर्जाच्या बोल्टांसाठी त्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून जर्मनीने त्याचे जुने डीआयएन मानकही मागे घेतले. चिकट द्रव किंवा नायलॉनचा नट हे खरोखर उपयोगी आहेत, पण ते असलेला ताण राखतात. नसलेला निर्माण करत नाहीत. शिवाय दोन्हींमुळे घर्षण बदलते, म्हणून निर्मात्याने सांगितले नसताना ते वापरले तर आकड्याचा हिशेब पुन्हा चुकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे: फेंडर सैल राहिला तर फार तर खडखडेल, जीव थोडाच जाणार? फेंडरपुरते हे खरे आहे, आणि सगळ्या बोल्टांना एकाच काटेकोरपणे वागवायचे म्हटले तर कुठलेच गॅरेज चालणार नाही. पण त्याच बॉडीवर, त्याच मिस्त्रीच्या हाताखाली, सीटबेल्टचा बोल्टही असतो. तीन बिंदूंच्या बेल्टच्या नांगरांना संयुक्त राष्ट्रांच्या 14व्या नियमाच्या चाचणीत पट्ट्याच्या प्रत्येक भागावर साडेतेरा किलोन्यूटन ओढ सोसावी लागते. या बोल्टची गंमत अशी की सगळी गाडी मेट्रिक मापात असली तरी हा एक बोल्ट जवळजवळ सर्वत्र इंची मापाचा, 7/16 इंचाचा, इंचाला 20 आट्यांचा असतो. तो हरवला म्हणून दिसायला तसाच एम-12 बोल्ट जोर लावून घुसवला, तर रेंच योग्य आकड्यावर ‘टक्’ करील, पण आटे खाल्ले गेलेले असतील. आवाज आला म्हणजे सांधा झाला, या समजाची किंमत विमानोद्योगाने एकदा पाहिली आहे. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण 5390मध्ये वैमानिकासमोरची काच हवेत निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. तो आणि सगळे प्रवासी वाचले. काच आदल्याच दिवशी बदललेली होती आणि तिच्या 90 बोल्टांपैकी 84चा व्यास 0.66 मिलिमीटरने कमी होता. ते बोल्ट टॉर्क मर्यादित ठेवणाऱ्या स्क्रूड्रायव्हरनेच आवळलेले होते. मोटारीकडे वळायचे, तर अमेरिकेत 2023मध्ये टेस्लाने मॉडेल वायच्या सुमारे साडेतीन हजार गाड्या परत बोलावल्या, कारण मागच्या सीटच्या पाठीचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळलेले नसण्याची शक्यता होती. यंत्रांनी भरलेल्या कारखान्यातही जे निसटते, ते गॅरेजमध्ये निसटणार नाही असे मानायला आधार नाही.

मग गॅरेजने करायचे काय? बोल्टांची तीन गटांत विभागणी केली तर काम आवाक्यात येते. फेंडर, बंपरचे आवरण, बॉनेट यांसारख्या लहान बोल्टांना कमी पल्ल्याचा रेंच किंवा निदान आखूड पाना पुरे. तिथे खरा शत्रू जास्तीचा जोर आहे. बिजागऱ्या, सीट, बंपरचा बीम, बॉडीचे अर्थिंग यांना आकडा हवाच, पण त्याआधी टेकणाऱ्या जागेवरचा रंग आणि गंज काढलेला हवा. अर्थिंगच्या बोल्टखाली रंग राहिला, तर स्टार्टर 200 अँपियर ओढत असताना शंभरांश ओहमचा रोधही दोन व्होल्ट गिळतो आणि बॅटरी बदलूनही गाडी कुरकुरते. तिसरा गट सीटबेल्ट आणि सबफ्रेमचा. इथे मूळ दर्जाचा आणि मूळ मापाचा बोल्टच हवा. निर्माता एकदाच वापरा म्हणत असेल, किंवा टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवा म्हणत असेल, तर तसेच करायला हवे, कारण कोन मोजण्याची ही पद्धत घर्षणावर कमी आणि आट्याच्या भूमितीवर जास्त विसंबते. एकाहून अधिक बोल्ट असतील तिथे सगळे आधी निम्म्या टॉर्कने, मग पूर्ण टॉर्कने आवळावेत. नाहीतर पहिला बोल्ट दुसऱ्याने पत्रा दाबताच सैल पडतो. मॅन्युअल जुने असेल तर एकक पाहावे: किलोग्रॅम-मीटरचा आकडा न्यूटन-मीटरच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा असतो आणि फूट-पाउंडचा आकडा न्यूटन-मीटर समजून लावला तर टॉर्क चतुर्थांशाने कमी पडतो.

हे सगळे वेळखाऊ आहे, हा शेवटचा आक्षेप उरतो आणि तो खराही आहे. पण वेळ नेमका कुठे जातो ते पाहावे. रेंच लावायला सेकंद लागतात. मिनिटे जातात ती आटे साफ करण्यात, रंग खरवडण्यात, योग्य बोल्ट शोधण्यात आणि आकडा काढण्यात. ग्राहकाला बिलावर ही कामे दिसत नाहीत, म्हणून ती आधी गाळली जातात, आणि मग महागडा रेंच भिंतीवर टांगून त्याच्या ‘टक्’ आवाजावर भरवसा ठेवला जातो. त्यापेक्षा जॉब कार्डावर बोल्टचे माप, दर्जा, आटे कोरडे की वंगण लावलेले, टॉर्क आणि आवळणाऱ्याची सही असा एक रकाना छापला, तर खर्च कागदापुरता होईल. गाडी घ्यायला आलेल्या मालकाने ‘सगळे घट्ट केले ना?’ असे विचारण्यापेक्षा तो रकाना पाहावा. ज्या गॅरेजला तो भरता येतो, तिथे आकड्यामागचा सांधाही कुणीतरी पाहिलेला असण्याची शक्यता अधिक असते.